रेमेदिओस वारोला साधिका करून टाकलं, आता फक्त आरती बाकी आहे

तिरकी_रेघ
कालपासून तिसऱ्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड येतोय, आता मात्र राहवत नाही म्हणून लिहितेय. ज्यांना आला नाही त्यांच्यासाठी सारांश: रेमेदिओस वारो (खरं तर सर्रिअलिस्ट चित्रकार) ही मेक्सिकोतली थोर साधिका, तिची चित्रं म्हणजे आत्मरूपांतराचे सात टप्पे, 'पक्ष्यांची निर्मिती'मधल्या घुबडबाईच्या हातातला त्रिकोण म्हणजे आज्ञाचक्र, आणि पहाटे पाच मिनिटं त्याकडे एकटक बघितलं की मनातले ब्लॉकेज निघतात. खाली कमळं. एकीने लगेच लिहिलं, बघितलं, हलकं वाटलं.

अहो पण चित्र बघितलंत का नीट? बाई टेबलाशी बसून काम करतेय. खिडकीतून ताऱ्यांची धूळ शेजारच्या अंडाकृती यंत्रात शिरते, नळ्यांतून रंग होऊन पॅलेटवर टपकते. ब्रश जोडलाय गळ्यातल्या व्हायोलिनच्या तारेला. दुसऱ्या हातात त्रिकोणी भिंग, त्यातून चांदणं कागदावर पाडलंय आणि पक्षी पुरता रंगवून व्हायच्या आत उठायला लागलाय. हे वर्कशॉप आहे वर्कशॉप! तिचा बाप पाणीपुरवठ्या-कालव्यांचा इंजिनिअर होता, पोरीला शेजारी बसवून आपले प्लॅन कॉपी करायला लावायचा. ती शेवटपर्यंत ट्रेसिंग पेपरवर पूर्ण मापाचं ड्रॉइंग करून मगच बोर्डावर उतरवायची. तिच्या चित्रातली कुठलीही कप्पी घ्या, दोर कुठून येतो कुठे जातो बोट ठेवून सांगता येतं. भिंग म्हणजे भिंगच.

आणि विनोद? १९६० चं ते 'मानसोपचारतज्ज्ञाकडून बाहेर पडणारी बाई' आठवा. दारावर पाटी डॉ. एफ. जे. ए., म्हणजे फ्रॉइड युंग ॲडलर तिघांचा एकच दवाखाना. बाई बाहेर आलीये, बापाचं मुंडकं दाढीला धरून विहिरीत सोडायच्या बेतात आहे, दुसऱ्या हातात टोपलीत उरलासुरला मानसिक कचरा. आणि वर वारोनेच लिहून ठेवलंय की तिथून निघाल्यावर असं करणं रीतसरच आहे. १९५९ ला तर कोंबडी, टर्की आणि माशाची हाडं जोडून चाकावर चालणाऱ्या आदिमानवाचा सांगाडा केला आणि खोट्या जर्मन पंडिताच्या नावाने त्यावर प्रबंध लिहिला, अगाध विद्वत्तेचा आव आणून. तिच्या वह्यांत एक पत्र आहे, टेलिफोन डिरेक्टरीतून नाव उचललेल्या अनोळखी माणसाला थर्टी फर्स्टच्या पार्टीचं आमंत्रण. ही तुमची साधिका.

गूढवादी गुरू गुर्जिएफ वाचायची, त्याचा शिष्य उस्पेन्स्की वाचायची, टॅरो, किमया (अल्केमी), सगळं होतं, नाही कोण म्हणतंय. पण एकदा बाईला देव्हाऱ्यात बसवली की तिची मेहनत कुणी बघत नाही आणि तिच्या जोकवर हसणं तर पापच. त्या चित्रकार दालीला कुणी योगी केला नाही! त्याच्या मिशीवर बोलतात.

अनाहत
ताई तुमचा राग फॉरवर्डवर आहे आणि मार चित्रकर्तीला बसतोय. तो मजकूर भंपक आहे मान्य, सात टप्पे बिप्पे मलाही आला होता, मी डिलीट केला. पण तुम्ही दुसऱ्या टोकाला गेलात. सगळं वर्कशॉप आणि सगळा जोक?

'बासरीवाला' घ्या, १९५५. बासरीच्या सुरांनी दगड उचलले जातायत, प्रत्येक दगडात जीवाश्म, आणि त्या दगडांचा अष्टकोनी मनोरा रचला जातोय, अर्धा बांधलेला अर्धा नुसत्या रेघांत. आठ बाजू आणि संगीत म्हटल्यावर गुर्जिएफचा सप्तकाचा नियम (सा ते वरचा सा, आठ स्वरांच्या टप्प्यांनी सगळं घडतं) कुणाला आठवणार नाही? बाईने वाचलं होतं, नुसतं चाळलं नव्हतं. मग 'पुन्हा जन्म', १९६०. नागडी बाई भिंत फाडून आत येते, समोर टेबलावर पेला, पेल्यात चंद्रकोर. ह्यात कुठला जोक सापडला तुम्हाला? मला सांगा, मीही हसतो.

मी तिचं ओरिनोको नदीच्या उगमाच्या शोधाचं चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा बाबा जाऊन थोडेच दिवस झाले होते, इगतपुरीच्या शिबिरातून परत आलो होतो आणि कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. कोटाची होडी करून बसलेली बाई, डोक्यावर साहेबी हॅट, आणि एवढा प्रवास करून पोचते कुठे तर झाडाच्या ढोलीत टेबलावर एक पेला, त्यातून अख्खी नदी वाहतेय. मी रडलो. आता तुम्ही म्हणाल होडीची पुली बघा.

तिरकी_रेघ
पुली बघाच. ती दोरी छातीवरच्या बटणांसारखी दिसते आणि तिने ओढून सुकाणू फिरतं. रडायला बंदी नाही केली मी.

रिकामटेकडा
गुर्जिएफ म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर कोरेगाव पार्क आणि मरून झगे. आमच्या कॉलेजच्या काळात रजनीश गुर्जिएफचं नाव इतक्या वेळा घ्यायचे की आम्हाला वाटायचं तो बंडगार्डनलाच राहतो. बाकी चालू द्या, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

ब्रशवाला
एक विचारू का, इतका वेळ साधना की विनोद चाललंय, पण बाई खात काय होती? कुणी बोलत नाही. मी सांगतो. औषधांच्या जाहिराती.

१९४१ अखेर ती आणि तिचा कवी नवरा (लग्न झालं नव्हतं बहुतेक तेव्हा, जाऊ दे) बेंजामिन पेरे, मार्सेहून कॅसाब्लांकामार्गे मेक्सिकोत आले. खिशात काय असणार. मग फर्निचर रंगव, नाटकाचे कपडे शिव, जुनी मातीची भांडी दुरुस्त कर, आणि बायर कंपनीसाठी चित्रं. निद्रानाशाचं चित्र बघा: रिकाम्या खोल्या, दारामागे दारं, आणि अंधारात टक्क उघडे डोळे. संधिवाताचं आहे, डोकेदुखीचीही असतील. १९४७ च्या सुमारास व्हेनेझुएलाला गेली तर तिथे मलेरिया मोहिमेसाठी मायक्रोस्कोपखाली बघून किडे काढले. हे सगळं करताना हात जो बसला तोच पुढे त्या घुबडाच्या प्रत्येक पिसात दिसतो. तुम्ही सगळे १९५५ नंतरचं बोलताय, कारण त्याच्या आधीचं काम 'कमर्शियल'. बरोबर ना?

मी अप्लाइड आर्टचा. आयुष्य औषध कंपन्यांच्या व्हिज्युअल एडमध्ये गेलं. एमआर, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, डॉक्टरसमोर जो फ्लिप उघडतो ना चार सेकंद, तो. रोट्रिंगच्या पॉइंट टू पेनाने व्हिलाय (आतले केसासारखे बारीक उंचवटे) काढलेत मी आतड्याचे, एअरब्रशने जठर. एका कंपनीत, नाव नाही घेत, प्रॉडक्ट मॅनेजर मला म्हणाला लिव्हर जरा प्रसन्न करा. प्रसन्न! केलं. आणि संध्याकाळी कट्ट्यावर फाइन आर्टवाले विचारायचे, काय रे, आज कुठला अवयव? ती हसी अजून कानात आहे.

कॅनव्हासी
काका, हे दर धाग्यात येतं. मागे रविवर्म्याच्या धाग्यातही तुमचं लिव्हर आलं होतं.

वारोबद्दल एक साधी गोष्ट तुम्ही सोयीने गाळली. त्या जाहिरातींवर तिने वारो अशी सहीच केली नाही. उरांगा अशी सही केली, आईकडचं आडनाव. स्वतःच्या चित्रांवर वारो. म्हणजे फरक तिनेच केला होता, कट्ट्यावरच्या फाइनवाल्यांनी नाही.

ब्रशवाला
वा. आणि आईचं आडनाव म्हणजे काय टोपणनाव झालं? स्पॅनिश माणसाला दोन्ही आडनावं असतात, दोन्ही त्याचीच. लाज वाटली असती तर सहीच केली नसती. आम्हाला सही करायची सोयच नव्हती महाराज, आमच्या आर्टवर्कवर कंपनीचा लोगो आणि खाली शेड्यूल एच चा इशारा (डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये).

आणि रविवर्म्याने स्वतःच छापखाना काढला होता, तेव्हा तिथे माझं लिव्हर अगदी योग्य जागी होतं.

कॅनव्हासी
लाज म्हटलंच नाही मी. मी फरक म्हटलं. क्लायंट सांगतो ते काढणं आणि आपल्याला दिसतं ते काढणं ह्यात फरक नाही असं तुम्हाला सिद्ध करायचं असेल तर शुभेच्छा. वीस-वीस वर्षं ट्यूशन घेऊन, गणपतीत मखरं रंगवून स्वतःचं काम केलेली माणसं मी घरात बघितलीत. माझे वडील. त्यांनी मखराला कधी पेंटिंग म्हटलं नाही. मखर मखर असतं. शेवटी दोन प्रदर्शनं झाली त्यांची, दुसऱ्याला पाऊस होता, कुणी आलं नाही. पण वहीत लिहिलेलं असायचं, 'माझं' आणि 'पोटाचं', दोन वेगळे रकाने. वारोने दोन सह्यांत तेच केलं. हे तुम्हाला अपमानास्पद का वाटतं हे तुम्ही बघा.

ब्रशवाला
वडिलांबद्दल आदर आहे. पण मखर रंगवताना त्यांचा हात तोच होता की दुसरा भाड्याने आणायचे?

कॅनव्हासी
आता घरापर्यंत आलात. थांबतो.

तिरकी_रेघ
थांबा दोघंही. मूळ विषय गूढवाद होता, कृपया. (काका, व्हेनेझुएलाचा मुद्दा पटला, तो मी लिहायला हवा होता असं नाही, पण पटला.)

खाष्ट_मावशी
मूळ विषय बिषय राहू दे, खरा प्रश्न ब्रशवाल्यांनीच विचारलाय आणि अर्धा सोडला. जाहिरातीतून ती बाहेर कशी पडली ते सांगा की. वाल्टर ग्रुएन. ऑस्ट्रियाचा निर्वासित, मेक्सिको सिटीत शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्डचं दुकान चालवायचा. १९५२ पासून ती त्याच्याबरोबर राहायला लागली आणि तो म्हणाला तू फक्त चित्रं काढ. मग १९५५ ला ग्रुप शोमध्ये चार चित्रं, १९५६ ला स्वतःचं प्रदर्शन, आणि लोक चित्रासाठी नंबर लावायला लागले. १९६३ ला ऑक्टोबरात हार्ट अटॅकने गेली, ५४ व्या वर्षी. म्हणजे आपण सगळे ज्या चित्रांवर भांडतोय ती जवळपास सगळी ह्या दहाएक वर्षांतली. आधीचा कवी क्रांती करत होता, बिलं ही भरत होती. अंतर्बाह्य परिवर्तन कशाने झालं, तर घरभाड्याची काळजी मिटल्याने. लिहा हे फॉरवर्डमध्ये.

माझी जाऊ उत्तम काढायची. लग्नानंतर सासूबाई म्हणाल्या, हौस म्हणून काढ हो, स्वयंपाक झाल्यावर. आमच्याकडे स्वयंपाक कधी झालाच नाही. एक संपला की दुसरा. तिचे कागद माळ्यावर होते, वाळवी लागली, तेव्हा ती म्हणाली, बरं झालं, जागा झाली. एवढंच म्हणाली. आणि तुम्ही वारोचा सप्तकाचा नियम सांगताय.

अनाहत
मावशी, जावेचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण एक सांगू का, 'भाडं मिटलं म्हणून चित्रं झाली' हे 'त्राटक केलं म्हणून ब्लॉकेज गेले' इतकंच सोपं आहे. भाडं मिटलेल्या हजार बायका असतील मेक्सिको सिटीत. त्या सगळ्यांनी तिच्या चित्रातल्या बाईसारखे पिंजऱ्यातल्या चंद्राला चमच्याने तारे भरवलेले नाहीत.

खाष्ट_मावशी
भरवले असतील. विचारायला कोण गेलं होतं.

आणि ते चित्र बघितलंयस ना नीट? बाई बंद खोलीत एकटी, हाताने यंत्र फिरवून तारे दळतेय आणि चंद्राच्या तोंडात घास घालतेय. तोंड बघ तिचं. त्या तोंडाने रात्रीचं बाळ भरवलेलं आहे मी. तुला ते गूढ वाटतं कारण तू भरवलं नसशील.

रिकामटेकडा
पॉपकॉर्न संपले, वडापाव मागवलाय.

एडिसनची_वसुधा
मी न्यूयॉर्कला मोमा म्युझियममध्ये तिचा 'जादूगार' प्रत्यक्ष बघितलाय, फोटोत काही कळत नाही म्हणून लिहिते. चित्र तसं लहानच वाटतं इतर भिंतींच्या मानाने. गाडीवर उभा राहून तो प्रकाशाचे गोळे झेलतोय, गाडीत सिंह, बोकड वगैरे मंडळी, आणि समोर घोळका. घोळक्यात सगळ्यांचे चेहरे सारखे आणि सगळ्यांच्या अंगावर मिळून एकच करडा झगा! म्हणजे एका कापडातून डोकी बाहेर आलीयेत. आणि जादूगाराचा चेहरा रंगवलेला नाहीच, म्हणजे रंगवलाय पण शिंपल्याच्या तुकड्यावर, मोत्याचा असतो ना आतला भाग, तो बोर्डात बसवलाय. मी बाजूला सरकले तर तोंडावरची चमक बदलली. परत सरकले, परत बदलली. गार्ड माझ्याकडे बघायला लागला.

मला वाटतं अनाहत म्हणतात ते त्या करड्या झग्यात आहे, माणसं झोपेत चालतात वगैरे गुर्जिएफचं. आणि रेघताई म्हणतात ते शिंपल्यात आहे, कुणीतरी बसून तो तुकडा कापला, घासला, बसवला.

तिरकी_रेघ
वसुधा, तू कायम दोघांना अर्धा अर्धा लाडू देतेस. पण शिंपल्याचं छान लिहिलंस.

झग्याचं म्हणशील तर मान्य, तो विनोद नाही. म्हणजे आहे, पण बोचरा आहे.

मांडवीकाठ
सगळ्यांना एकच विचारायचं आहे, मेक्सिकोपर्यंत जाऊन आलात, आपली चित्रकार अँजेला त्रिंदाद कुणाला माहीत आहे का? वारो १९०८ ची, अँजेला १९०९ ची. मूळ गोंयकार घराणं, बाप आंतोनियो झेवियर त्रिंदाद मुंबईच्या जेजे कलाशाळेत शिकवायचा, हीही जेजेतच शिकली. साडी नेसलेली मारिया काढली तिने. नंतर त्रिकोणांतून सगळं रचायची स्वतःची पद्धत काढली, पवित्र त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) मनात धरून. तुमच्या घुबडाच्या हातातल्या त्रिकोणावर दोन दिवस वाद चाललाय, इथे अख्खा त्रिकोणांचा संसार आहे आणि तोही श्रद्धेने, गंमत म्हणून नव्हे. पणजीत फुंदासांव ओरिएंत ह्या संस्थेत बापलेकीची चित्रं आहेत. कोण जातं? बीचवर जातात सगळे.

कॅनव्हासी
मुद्दा चांगला आहे पण 'आपली अमकी का नाही' हा प्रतिसाद प्रत्येक धाग्यात पन्नासाव्या नंबरला येतोच. वेगळा धागा काढा, मी येतो. तिची चित्रं मला आवडतात.

मांडवीकाठ
काढला होता. दोन प्रतिसाद आले, त्यातला एक माझा.

अनाहत
रेघताई, शेवटचं. ती गेली त्या वर्षीचं, १९६३ चं, 'स्थिरचित्र पुन्हा जिवंत होतंय'. माणूसच नाही त्यात. गोल टेबल, मधे मेणबत्ती, टेबलक्लॉथला पीळ पडून तो उडतोय, आठ ताटल्या हवेत गरगर फिरतायत आणि वर फळं ग्रहांसारखी मेणबत्तीभोवती. फळं एकमेकांवर आपटून फुटतायत, बिया खाली पडतायत आणि लगेच रुजतायत. हे तिचं पुरं झालेलं शेवटचं चित्र. आयुष्यभर प्रत्येक चित्रात स्वतःसारख्या तोंडाची बाई काढली आणि शेवटी ती बाईच काढून टाकली. ह्याला तुम्ही काय म्हणता ते म्हणा. मी ह्याला आतून बदलणं म्हणतो आणि त्यासाठी मला कुठल्या फॉरवर्डची गरज नाही.

तिरकी_रेघ
तिला काय माहीत होतं की ते शेवटचं आहे? हार्ट अटॅक कळवून येत नाही. अजून दहा वर्षं जगली असती तर ते चित्र मधलंच ठरलं असतं आणि तुम्ही दुसऱ्या कशावर तरी रडला असता. आपण मागून बघतो म्हणून सगळं उपसंहारासारखं दिसतं.

बाई नाही हे मात्र खरं. ते मी मोजलं नव्हतं... बरं, असू दे तुमचं तेवढं. तेवढंच.

खाष्ट_मावशी
बाई नाही म्हणून ताटल्या उडतायत. उचलायला कोण आहे?

रिकामटेकडा
मावशी _/\_ धागा वसूल.

बाय द वे तिचं 'सुसंवाद' नावाचं चित्र २०२० ला लिलावात ६० लाख डॉलरच्या वर गेलं. आणि तिची जिवलग मैत्रीण लिओनोरा कॅरिंग्टन, तिचं एक २०२४ ला २ कोटी ८५ लाख डॉलरला. रकाना 'माझं' की 'पोटाचं' ते कॅनव्हासींनी ठरवावं.

कॅनव्हासी
लिलावाचा पैसा चित्रकर्तीच्या कुठल्याच रकान्यात जात नाही. एवढं तरी ब्रशवाले काका आणि मी एकमताने सांगू शकतो.

ब्रशवाला
एकमत पैशापुरतं. बाकी त्या आठ ताटल्या परत एकदा बघा. आठ ताटल्या, आठ वेगवेगळे कोन, प्रत्येकीचा इलिप्स (लंबगोल) वेगळा, आणि फिरताना हललेल्या दिसल्या पाहिजेत पण चेपलेल्या दिसता कामा नयेत. हे समाधीत बसून येत नाही आणि 'मला जे दिसतं ते काढतो' म्हणूनही येत नाही. आमच्या वेळी फाउंडेशनच्या वर्षाला इलिप्स चुकला की सर बोर्ड उलटा करून ठेवायचे. तुमच्या ओळखीतल्या कुठल्याही फाइनवाल्याला पट्टी-टेम्प्लेट न देता एक पेला काढायला सांगा, नदी राहू दे, नुसता पेला. मग बोलू.